आशा धरली म्हणजे आपण नक्की काय केलं? (तुमचे अनुभव लिहा)

परवा प्रार्थनेनंतर आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका आजींनी सहज विचारलं, विश्वास कळतो गं, पण आशा म्हणजे वेगळं काय? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले, मी पण. बायबलमध्ये येशूचा प्रेषित पौल याने विश्वास, आशा, प्रीती असं तिघांना एका ओळीत बसवलंय, त्यातल्या विश्वासावर ढिगाने प्रवचनं ऐकलीत, प्रीतीवर तर प्रत्येक लग्नात, आशा मात्र मधल्या भावंडासारखी, तिच्याकडे कुणाचं लक्षच नाही. म्हणून हा धागा. व्याख्या नकोत प्लीज, तुमच्यावर काय गुदरलं आणि तेव्हा आशा कुठे होती (की नव्हती) ते लिहा.

सुरुवात मीच करते. आई गेली तेव्हा दफनाच्या वेळी पौलाच्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा ४था अध्याय वाचला, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा तुम्ही शोक करू नये, तो भाग. मी ऐकलं ते एवढंच की रडायचं नाही. मग काय, रडलेच नाही, चार-पाच महिने सगळ्यांना हसून दाखवलं, लोक म्हणायचे काय साक्ष आहे हिची, आणि आतून मी दगड झालेले. एका रात्री तेच वचन पुन्हा उघडलं तर लक्षात आलं की पौल शोक करू नका म्हणतच नाहीये, "त्यांच्यासारखा" म्हणतोय. त्या रात्री जे रडले ते सकाळपर्यंत. आई पुन्हा भेटणार हे मला त्या रडण्यात जास्त खरं वाटलं, आधीच्या हसण्यात नाही. का ते नाही सांगता येत.

* * *

माझी थोडी तक्रारच आहे, चालेल ना? नोकरी गेली तेव्हा पंधरा दिवसांत निदान वीस जणांनी बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ पाठवलं, फुलांच्या फोटोवर. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत वगैरे. मी इतका वैतागलो की अख्खा अध्यायच वाचायला घेतला. तर ते यरुशलेमेहून बाबेलात (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे, आणि ११व्या ओवीच्या आधीची १०वी कुणी पाठवतच नाही, तिच्यात ७० वर्षं म्हटलंय! म्हणजे पत्र ऐकणारे बरेचसे परत जायच्या आधीच मरणार होते. त्याच्या मागच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे, तो म्हणतो दोन वर्षांत सगळं परत मिळेल, तो खोटा निघतो. आपल्याला सगळ्यांना हनन्याच आवडतो हो. यिर्मया काय म्हणतो तर घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याचं भलं मागा. आधी राग आला, मग का कोण जाणे हलकं वाटलं. फोनकडे बघत बसणं सोडलं, बायकोला कधीपासून हवं होतं ते कपाट दुरुस्त केलं, शेजारच्या मुलाला गणित शिकवायला लागलो. नोकरी पुढे लागली, पण आधीच्यापेक्षा कमी पगाराची, त्यामुळे ही काही विजयाची साक्ष नाही.

* * *

वरच्या दादांना पुढचं सांगते, ३२वा अध्याय वाचा. यरुशलेमेला वेढा पडलाय, यिर्मया स्वतः कैदेत, आणि हा माणूस १७ शेकेल चांदी तोलून अनाथोथचं शेत विकत घेतो, जे शत्रूच्या घशात जाणार हे त्यानेच सांगितलंय! खरेदीखत मातीच्या मडक्यात ठेवायला लावतो, पुष्कळ दिवस टिकावं म्हणून. मी कागदपत्रांचंच काम करते त्यामुळे मला ते मडकं फार आवडतं.

* * *

हे लिहू की नको, दोन दिवस विचार करतेय. आम्हाला मूल नाही. सहा वर्षं उपचार घेतले आणि त्या सहा वर्षांत आशा या शब्दाचीच मला भीती बसली, कारण दर महिन्याला ती यायची आणि दर महिन्याला मोडायची. वर लोकांचं बायबलमधल्या उशिरा मूल झालेल्यांचं, अब्राहाम-सारा, हन्ना, अलीशिबा, सुरूच. एकदा मी बोलून गेले की ज्यांना झालं त्यांच्याच गोष्टी लिहिल्यात, ज्यांना नाही झालं त्यांची नावं कुठे आहेत? खोलीत एकदम शांतता. शेवटी आम्ही दोघांनी थांबायचं ठरवलं. सासूबाई म्हणाल्या आशा सोडलीस का गं? मी म्हटलं मुलाची सोडली आई, देवाची नाही. बोलताना मलाच माहीत नव्हतं की हे दोन वेगळं असू शकतं. अजूनही बारशाला जाऊन आले की एक-दोन दिवस खराब जातात, खोटं कशाला बोलू.

* * *

मी २२ वर्षं जहाजावर काढली, म्हणून बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रातल्या नांगराबद्दल लिहितो (६:१९, आशा म्हणजे जिवाचा नांगर). लोकांना वाटतं नांगर टाकला की जहाज गप्प उभं राहतं. कसलं काय, ते डोलतं, फिरतं, पोटातलं बाहेर येतं. फक्त वाहून जात नाही. आणि नुसता नांगर नाही धरत, तळावर आडवी पडलेली साखळी धरते, वादळ मोठं तेवढी साखळी जास्त सोडायची. हे सगळं चिखलात, कुणाला दिसत नाही. रोमच्या भुयारी दफनभूमीत सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांच्या कबरींवर नांगर कोरलेले आहेत, तेव्हाच्या कुणीतरी समुद्र पाहिलेला असणार. एक गंमत बघा, आमचा नांगर खाली जातो, पत्रातला मात्र पडद्याच्या आत, परमपवित्र स्थानात (मंदिराच्या सगळ्यात आतल्या, देवाच्या सान्निध्याच्या खोलीत) जातो. त्यावर मी अजून विचार करतोय.

* * *

मी आता चर्चला जात नाही, तरी लिहितो. बाबांच्या आजारपणात एका प्रचारकाने सांगितलं की पूर्ण आशा ठेवा, औषध म्हणजे अविश्वास. आम्ही ठेवली. बाबा गेल्यावर तोच माणूस म्हणाला तुमची आशा कमी पडली. तेव्हापासून हा शब्द कुणी काढला की मी उठून जातो. बाकी चालू द्या.

* * *

भाऊ, उठून जाऊ नका, किंवा जा, पण एवढं ऐकून जा. मी कॅथलिक, आमच्या धर्मशिक्षणात आशेविरुद्धची पापं दोन शिकवतात. एक निराशा, ते सगळ्यांना माहीत असतं. दुसरं म्हणजे देवाला गृहीत धरणं, तो मी म्हणेन तसं करणारच असं ठरवून टाकणं. तुमच्या घरी जे घडलं त्यात हे दुसरं पाप होतं आणि ते तुमचं नव्हतं. २०२५ च्या ज्युबिली वर्षाचं (आमच्या चर्चच्या खास पवित्र वर्षाचं) ब्रीद "आशेचे यात्रेकरू" होतं, तेव्हा आमच्याकडे आशेवर खूप बोलणं झालं पण या दुसऱ्या बाजूबद्दल फारसं कुणी बोललं नाही, बोलायला हवं होतं.

* * *

मी नऊ वर्षांपासून मोबाईल नंबर बदललेला नाही. मुलगा भांडून घर सोडून गेला, त्याला हा एकच नंबर पाठ आहे. मध्ये फोन पडला, फुटला, नवा घेतला, नंबर तोच. लोक म्हणतात विसरा आता. बायबल वर्गात आमच्या पाळकांनी सांगितलं होतं की इब्री (हिब्रू) भाषेत आशेला तिक्वा म्हणतात आणि यरीहो शहर पडताना आपलं घर वाचावं म्हणून राहाब नावाच्या बाईने खिडकीला किरमिजी दोरी बांधली त्या दोरीलाही तोच शब्द आहे. दोरी बांधून ती घरातच बसून राहिली, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. घरी येऊन मी मिसेसना सांगितलं की आपला रिचार्ज ही आपली दोरी. त्या हसल्या, खूप दिवसांनी. दोनदा अनोळखी नंबरवरून फोन आला आणि पलीकडे कुणी बोललं नाही. राँग नंबर असेल. तरी मी दोन्ही वेळा सांगून ठेवलं, आम्ही बरे आहोत, तू जेवलास का.

* * *

धागा काढणारी मीच. हे सगळं आज आजींना वाचून दाखवलं. बाबांबद्दल लिहिणाऱ्या दादांचं त्यांनी परत वाचायला लावलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या त्या फोनवाल्यांना विचार, मुलाचं नाव काय, रोजच्या प्रार्थनेत घेते. काका, नाव इथे उघड लिहू नका, मला मेसेज करा.