मुलींच्या मांगाची (जपानी कॉमिक्सची) सुरुवात कोणी केली?

मुलगी नववीत आहे, सतत मांगा वाचत असते, परवा विचारते आई मुलींसाठी मांगा काढणाऱ्या पहिल्या बायका कोण गं, आणि मला तेझुका (ते प्रसिद्ध मांगाकार, पण पुरुष) सोडून एक नाव आठवेना. कोणी सांगेल का?

उत्तर १:
ताई, मिझुनो हिदेको यांच्यापासून सुरुवात करा. जन्म १९३९, गाव जपानमधलं शिमोनोसेकी. शाळा संपली की मासेमारीची जाळी बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी, आणि नोकरी करता करता चित्रं. १९५५ला पहिलं काम छापून आलं तेव्हा वय १५! तुमच्या लेकीएवढंच की हो जवळपास.

उत्तर २:
आणि १९५८मध्ये त्या टोक्योला तोकिवा-सो नावाच्या चाळवजा लाकडी इमारतीत राहायला आल्या, साडेचार तातामीच्या (म्हणजे साडेचार जपानी चटया मावतील एवढ्या) खोल्या, स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून एक, आजूबाजूला इशिनोमोरी, अकात्सुका असे सगळे पुरुष चित्रकार आणि त्यात ही एकटी मुलगी. इशिनोमोरी-अकात्सुकांबरोबर मिळून एकाच टोपणनावाने मांगासुद्धा काढल्या त्यांनी. मूळ इमारत पाडली, पण २०२०मध्ये तशीच हुबेहूब बांधून म्युझियम केलंय.

उत्तर ३:
अहो पण त्यांची 'फायर!' ही मांगा कशी विसरलात सगळे? १९६९ ते ७१, 'सेव्हंटीन' या मुलींच्या साप्ताहिकात यायची. हिरो मुलगा, तोही अमेरिकेतला रॉक गायक! मुलींच्या अंकांत तेव्हा मुख्य पात्र मुलगीच असायची, त्या काळात हे करायला केवढी हिंमत लागली असेल. १९७०चा शोगाकुकान (जपानी प्रकाशनसंस्था) मांगा पुरस्कार मिळाला याला. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच. फक्त ताई, विषय जरा मोठ्यांचा आहे, आधी तुम्ही वाचा मग तिला द्या.

मूळ प्रश्नकर्ती:
खूप खूप आभार सगळ्यांचे! जाळ्यांच्या कारखान्याचं सांगितलं तर वही बाजूला ठेवून ऐकत बसली.