प्रतिसाद: क्लिनिक सांभाळून डेंटलची पीएचडी
ताई, एमडीएसनंतर (डेंटलच्या मास्टर्सनंतर) चोपड्याचं क्लिनिक सांभाळून पीएचडी होईल का विचारलंय तुम्ही, तर होते, पण गाईड आधी बघा. आरोग्य विद्यापीठ नाशिकलाच आहे म्हणून जवळ वाटतं, पीएचडी करणाऱ्या माझ्या वहिनीला विचारा!

तिचा विषय सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे गुटखा-सुपारीने तोंड आतून आखडून नीट उघडेनासं होतं तो आजार. गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे म्हणे, पण पेशंट काही संपत नाहीत, तोंडात स्वतःची तीन बोटं जात नाहीत, कळण्याची भाकरी चुरून खातात आणि ठेचा लागला की डोळ्यात पाणी. दर व्हिजिटला वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं, पण कापूस वेचणी सुरू झाली की निम्मे पेशंट फॉलोअपला गायब. आणि एथिक्स कमिटीच्या परवानगीआधी एकही रीडिंग घेऊ नका, वाया जातं.