सरकारी बँक की खाजगी: मालकामुळे खरंच फरक पडतो का?

परभणीकर_पोरगा: बाबांच्या फंडाचे पैसे आलेत. मामा म्हणतो सरकारी बँकेतच ठेव. दादा म्हणतो सरकारी बँका म्हणजे बुडीत कर्जांचं कोठार, सगळ्या विकून टाका. जाणकारांनी सांगा.

माजी_कर्जविभाग: राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केलीय, त्यामुळे माझं माप थोडं झुकतं असेल.

बँक ऑफ महाराष्ट्र बघ. मार्च २०१८ ला ढोबळ एनपीए, म्हणजे एकूण कर्जांतली थकलेली कर्जं, १९.४८ टक्के, रिझर्व्ह बँकेने पीसीएखाली, म्हणजे कमजोर बँकांवरच्या खास निर्बंधांखाली, घातलेली. मार्च २०२४ ला १.८८. मालक तोच, केंद्र सरकार. (यात निर्लेखित केलेली, म्हणजे वसूल होत नाहीत म्हणून ताळेबंदातून काढून टाकलेली कर्जं आणि सरकारने ओतलेलं भांडवलही धर, नाहीतर लबाडी होईल.) खड्डा पडला तो मोठ्या कर्जांत. पोलाद, वीज, रस्ते. ती शाखेत ठरतच नसत. अनेक बँका मिळून कर्ज देत, त्यात पुढाकार घेणारी लीड बँक हो म्हणाली की बाकीच्यांनी माना डोलवायच्या.

मालकीचा फरक बघायचा तर जूनमध्ये तालुक्याच्या शाखेत जा. पीक कर्जाला दारापर्यंत रांग. सातबारा बघा, आठ-अ बघा, इतर बँकांचे नो ड्यूज मागा, बोजा चढवायला तलाठ्याकडे पाठवा. साठ हजारांच्या फाईलला एवढी पायपीट! त्यातच कर्जमाफीची कुजबुज सुरू झाली की नियमित भरणाराही हात आखडतो. प्राधान्य क्षेत्राला, म्हणजे शेती, लघुउद्योग वगैरेंना, ४० टक्के कर्ज देण्याचं बंधन खाजगी बँकांनाही आहे, पण कमी पडलं तर अशी कर्जं जास्त दिलेल्या दुसऱ्या बँकेकडून त्यांची प्रमाणपत्रं विकत घेऊन भागवता येतं. मग नफ्याचे आकडे शेजारी मांडून कोण हुशार ते ठरवणार कसं?

कोथरूडची_सीए: काका, पटलं. पण तुमच्याकडे वरिष्ठांच्या नेमणुका दिल्लीत होतात आणि कर्ज बुडलं की चौकशीच्या धाकाने पुढची दोन वर्षं कोणी सहीच करत नाही. खाजगीत निर्णय भराभर होतात, हे तरी माना.

माजी_कर्जविभाग: मानलं. सहीला घाबरणारे मीही पाहिलेत. पण भराभर निर्णय येस बँकेतही होत होते. मार्च २०२० मध्ये खातेदाराला ५० हजारांच्या वर काढता येईना, आणि सावरायला पुढे कोण आलं? स्टेट बँक.

पोरा, ठेवींवरचा विमा दोन्हीकडे सारखाच: एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट ५ लाख. रक्कम मोठी असेल तर दोन-तीन बँकांत विभाग. आणि काउंटरवर कोणी एफडीऐवजी विमा पॉलिसी पुढे सरकवली तर बाबांना सही करू देऊ नकोस, बोर्ड कुठल्याही बँकेचा असो.

परभणीकर_पोरगा: पॉलिसीचा फॉर्म कालच हातात दिलाय! परत करतो.