फुगा बंद झाल्यानंतरचे दोन आठवडे

प्रश्न

माझ्या थोरल्या वहिनींच्या मेंदूतील रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटला आणि दुसऱ्याच दिवशी कॉइलिंग करून, म्हणजे फुग्यात धातूची बारीक तार भरून, तो बंद करण्यात आला. वहिनी शुद्धीवर आहेत, बोलतात, आम्हाला ओळखतात. तरीही निदान दोन आठवडे त्यांना अतिदक्षता विभागातच ठेवावे लागेल, असे डॉक्टर म्हणतात. दर चार तासांनी, मध्यरात्रीसुद्धा झोपेतून उठवून निमोडिपिनची गोळी दिली जाते. आज सोडियम कमी आले. आमच्या आजोबांचे सोडियम कमी झाले होते, तेव्हा त्यांना पाणी कमी करायला सांगितले होते. इथे मात्र मीठ देऊन सलाइनही वाढवले आहे. फुगा बंद झाला आहे, तर आता धोका कशाचा, हे कृपया कोणी समजावून सांगेल का?

उत्तर १ (मेंदूशल्यचिकित्सक)

कॉइलिंगमुळे फुगा पुन्हा फुटण्याचा धोका बराचसा टळला. तो पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असतो, म्हणूनच तुमच्या डॉक्टरांनी घाई केली आणि ते योग्यच झाले. पण आधी सांडलेले रक्त मेंदूभोवतीच्या द्रवात अजून तसेच आहे. ते विघटित होऊ लागले की त्यातून सुटणाऱ्या द्रव्यांमुळे मेंदूच्या धमन्या आकसतात. हे साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होते, सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत तीव्र असते आणि चौदाव्या दिवसापर्यंत त्याची धास्ती राहते. सुमारे ३० टक्के रुग्णांमध्ये या काळात मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त अपुरे पडते आणि वेळीच लक्षात आले नाही तर तो भाग कायमचा निकामी होतो. म्हणजे आज चांगले बोलणाऱ्या रुग्णालाही आठव्या दिवशी अर्धांगवायू होऊ शकतो.

निमोडिपिन त्यासाठीच आहे. ६० मिलिग्रॅम दर चार तासांनी, एकूण २१ दिवस, अशी त्याची ठरलेली मात्रा आहे. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ५५४ रुग्णांच्या चाचणीत हे औषध घेणाऱ्यांपैकी २२ टक्के रुग्णांच्या मेंदूला रक्ताअभावी इजा झाली, तर न घेणाऱ्यांत हे प्रमाण ३३ टक्के होते. म्हणून रात्रीची गोळी झोपमोड होते म्हणून चुकवायची नसते. रक्तदाब फार उतरला तर ३० मिलिग्रॅम दर दोन तासांनी देता येते, पण तो निर्णय डॉक्टरांचाच.

सोडियमबद्दल तुम्ही नेमके विचारले आहे. या आजारात अनेकदा मूत्रपिंडातून मीठ बाहेर टाकले जाते आणि त्यासोबत पाणीही जाते. अशा रुग्णाचे पाणी तोडले तर शरीरातील रक्ताचे आकारमान घटते, आणि आधीच आकसलेल्या धमन्यांतून रक्त पोहोचणे आणखी अवघड होते. पाणी तोडण्याचा सल्ला इतरत्र बरोबर असेलही, पण इथे तो घातक ठरतो. याउलट गरजेपेक्षा जास्त सलाइन भरण्याची जुनी पद्धतही आता मागे पडली आहे, कारण त्याने फुप्फुसांत पाणी साचते. रक्ताचे आकारमान नेहमीइतके राखणे एवढेच उद्दिष्ट असते.

उत्तर २ (न्यूरो आयसीयूतील परिचारिका)

ताई, भेटीच्या वेळेत तुमची मोठी मदत होऊ शकते, कारण वहिनींचे रोजचे बोलणे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असते. त्या शब्द शोधू लागल्या, उगाच चिडचिड करू लागल्या किंवा बोलता बोलता पेंगू लागल्या, तर लगेच सांगा. ‘थकल्या असतील’ म्हणून गप्प राहू नका. आम्ही दर तासाला त्यांना डोळे मिटून दोन्ही हात तळवे वर करून समोर धरायला सांगतो. एक हात हळूहळू खाली झुकला, तर तो पहिला इशारा असू शकतो.

पेंगण्याचे आणखी एक कारण म्हणजे मेंदूत पाणी साचणे. त्यासाठी डोक्यातून नळी बसवली असेल, तर पलंगाची दांडी फिरवून उशाची उंची कृपया स्वतः बदलू नका. नळीची पातळी डोक्याच्या उंचीनुसार लावलेली असते. ती चुकली तर द्रव एकदम जास्त वाहून जातो किंवा वाहायचाच थांबतो. त्यांना उठवून बसवायचे असेल तर आम्हाला हाक मारा.

प्रश्नकर्तीकडून

दोघांचेही मनापासून आभार. एका परिचितांनी मॅग्नेशियम आणि कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल सुचवले आहे. ते डॉक्टरांकडे मागावे का? आणि घरी गेल्यावर काय सांभाळावे?

उत्तर १ (मेंदूशल्यचिकित्सक)

दोन्हींकडून मोठी आशा होती, पण मोठ्या चाचण्यांत त्यांचा फायदा दिसला नाही, त्यामुळे मागण्याचे कारण नाही. घरी पाठवताना निमोडिपिनचे २१ दिवस पूर्ण झाले नसतील, तर उरलेल्या दिवसांच्या गोळ्या हातात घेऊनच बाहेर पडा. लहान गावातील दुकानात ते औषध मिळेलच असे नाही. पुढे रक्तदाब आटोक्यात ठेवणे, तंबाखू व धूम्रपान पूर्ण बंद करणे आणि कॉइल नीट बसलेली आहे का हे पाहण्यासाठी ठरलेल्या तारखेला तपासणी करून घेणे आवश्यक आहे. चालताना तोल जाणे, विसरभोळेपणा वाढणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे असे काही आठवड्यांनंतर दिसले, तर ते पुन्हा पाणी साचल्याचे लक्षण असू शकते आणि शंट, म्हणजे मेंदूतील जादा द्रव शरीरात दुसरीकडे वळवणारी नळी, बसवावा लागू शकतो. वहिनींच्या सख्ख्या भावंडांपैकी किंवा आईवडिलांपैकी आणखी कोणाला असाच फुगा झालेला असेल, तर इतर जवळच्या नातेवाइकांच्या तपासणीबद्दल त्याच भेटीत अवश्य विचारा.