न बोलावता कानावर आलेलं आपलं गाणं

गेल्या सप्टेंबरात समरकंदच्या सियोब बाजारात नान घेत होते. तिथलं नान म्हणजे ताटलीएवढं, जाडजूड, कडा फुगलेल्या, मध्ये खोलगट आणि त्या खोलगट भागात ठशाने टोचलेली फुलाची नक्षी. विकणारा पन्नाशीचा, दोन दात सोन्याचे. माल चक्क लहान मुलांच्या बाबागाडीत रचलेला. "हिंदुस्तान?" मी मान हलवली आणि झालं! त्याने 'जिमी जिमी' सुरू केलं. नुसतं धृपद नाही, अंतरेसुद्धा. शेजारची जर्दाळूवाली तराजूच्या पारड्यावर ताल धरायला लागली. मला पुढचा शब्द येईना. आमच्या घरी बप्पी लाहिरी लागला की बाबा उठून रेडिओचा कान पिळायचे, "बंद करा तो धिंगाणा!" मग काय, मी 'ला ला ला' करून वेळ निभावली. शेवटी त्याने विचारलं, जिमी म्हणजे काय? मला तेही सांगता आलं नाही. नानचे पैसे मात्र पूर्ण घेतले हं त्याने, एक सोम सोडला नाही.

तर असं तुमच्या बाबतीत कधी झालंय का? हेडफोनवर स्वतः लावलेली गाणी नकोत, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतलीही नकोत, तिथे ती लागणारच. ध्यानीमनी नसताना कानावर पडलेलं सांगा.

*

इस्तंबूल. दाढी करायला बसलो होतो. फेस लावता लावता म्हातारा न्हावी गुणगुणायला लागला आणि माझे कान टवकारले. 'आवारा हूँ'! शब्द मात्र 'आवारामू' असे काहीतरी. मी आरशातूनच हातवारे करून सांगितलं, हे आमचं गाणं, राज कपूर, मुकेश. तो म्हणाला, छे, जुना तुर्की सिनेमा आहे. मी म्हटलं हिंदी. तो म्हणाला तुर्की. वस्तरा गळ्याशी होता, म्हणून वाद तिथेच आवरता घेतला.

हॉटेलवर येऊन शोधलं, तर म्हातारा अगदीच खोटा नव्हता. 'आवारा' तिकडे इतका चालला की 1964 मध्ये त्यांनी त्याचा तुर्की अवतार काढला. शिवाय 'आवारे' हा शब्द त्यांच्या भाषेत आधीपासून आहेच, फारसीतून गेलेला, जसा आपल्याकडे आला. म्हणजे शैलेंद्रने लिहिलेला तो शब्द त्याला माझ्याइतकाच घरचा. दुसऱ्या दिवशी दाढी वाढलेली नसतानाही परत गेलो. दुकान बंद होतं, रविवार.

*

शारजा, पेशावरी टॅक्सीवाला, रफी. रोजच्या रोज. याला अनुभव म्हणायचं का, माहीत नाही. अकरा वर्षांत एकदाच एकाने गाडीत बातम्या लावल्या होत्या, तेव्हा चुकल्यासारखं झालं.

*

मी 2003 ला जर्मनीत, आखेनला शिकत होते. त्या हिवाळ्यात 'मुंडियां तो बच के' ने तिकडे नुसता धुमाकूळ घातला होता. पार्टीला जावं तर ते गाणं लागायचं आणि सगळी वर्तुळं माझ्याभोवती जमायची. सगळ्यांना वाटायचं, ही भारताची, हिला येणारच. अहो, मी सांगलीची! पंजाबी गाण्यातलं मला तेवढंच कळायचं जेवढं त्यांना. भांगडा म्हणून मी लेझीमचे हात करायचे, शाळेत बसवून घेतलेले. पुढे-मागे, एक पाऊल, वाकून उठून. जर्मन पोरं मन लावून शिकली. आज चाळिशी ओलांडलेले दहा-बारा जर्मन लोक लेझीमला भांगडा समजतात, आणि त्याला जबाबदार मी आहे.

*

माझा सूर वेगळा लागेल, राग नसावा. एका नावाजलेल्या कंपनीच्या ग्रुप टूरने स्वित्झर्लंडला गेलो होतो. लुझर्न सोडलं आणि बसमध्ये अंताक्षरी सुरू झाली. बाहेर डोंगर, ढग, हिरव्या कुरणात घंटा बांधलेल्या गाई. आत 'म' वरून गाणं. मी खिडकीला कान लावून गाईंच्या घंटा ऐकायला बघत होतो, तर पुढच्या सीटवरच्या काकूंनी चिवडा पुढे करत विचारलं, "तुम्हाला बरं नाहीये का?" घरची गाणी परदेशात कानावर पडली की लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं म्हणतात. माझ्याही आलं.

*

^ वरच्या दादांना अनुमोदन. पण चिवडा घेतलात की नाही?

*

घेतला. चांगला होता.

*

आम्ही बोटीवरची माणसं. गाव रत्नागिरी, काम इंजिनरूममध्ये. इंडोनेशियात सुराबायाला बोट लागली की माल उतरेपर्यंत मुक्काम. एकदा गेटबाहेर जेवायला बसलो होतो, तेवढ्यात गिटार घेऊन दोन पोरं आली, टेबलाटेबलावर गाऊन पैसे मागणारी. आमच्याकडे एकदा बघितलं आणि 'कुछ कुछ होता है' धरलं. शब्द थोडे इकडचे तिकडे, सूर पक्का. त्या सिनेमाचं वेड तिकडे अजून उतरलेलं नाही. आमचा सेकंड इंजिनीअर भयंकर कडक माणूस, चार महिन्यांत कधी हसलेला पाहिला नव्हता. तो अख्खं गाणं त्यांच्याबरोबर गायला, बाईच्या आवाजातलं कडवंसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तसाच, पंपाच्या सीलवरून माझा उद्धार केला.

*

नानवाल्या ताई, जिमी म्हणजे 'डिस्को डान्सर' मधल्या मिथुनचं नाव हो. सिनेमा 1982 चा, पुढे सोव्हिएत संघात तुफान चालला, समरकंद तेव्हा त्यातच होतं. आता गंमत ऐका. चाल ओतावान नावाच्या फ्रेंच मंडळींच्या डिस्कोवरून उचललेली. गाणारी पार्वती खान मूळची त्रिनिदादची. संगीतकार बंगाली. मी एवढं सांगितल्यावर आमची ही म्हणाली, मग त्यात आपलं काय होतं? मी म्हटलं, तुझ्या वडिलांसारखेच ताईंचे वडील, ते बंद करायचे!

*

नियम थोडा मोडतोय, कारण हे गणपतीतलंच आहे. पण मंडळाचं नाही.

मॉरिशसला कामासाठी गेलो होतो. गणेश चतुर्थीची तिथे सार्वजनिक सुट्टी असते, म्हणून ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने गावी घरी नेलं. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये रस्ता. त्यांचे पणजोबा की खापरपणजोबा मळ्यात मजुरीला गेले ते कोकणातून, एवढंच त्यांना ठाऊक. गावाचं नाव घरात कुणालाच आठवत नव्हतं. बोलणं सगळं क्रिओलमध्ये. मी आपला 'बोंजूर' म्हणत कोपऱ्यात बसलो. मग आजी उठल्या, तबकात कापूर ठेवला आणि 'सुखकर्ता दुखहर्ता' सुरू झालं. चाल तीच. ठेका मात्र आपल्यापेक्षा संथ, आपण जेवण थांबलंय म्हणून पळवतो तसं नाही. एकेक अक्षर स्वच्छ.

मलाही चेव आला. एकशे चाळीस कोटींच्या देशातून आलोय, थेट चिपळूणचा, आवाज तर चढवायलाच हवा. टाळ्या वाजवत खणखणीत म्हणत गेलो, 'लंबोदर पीतांबर फळीवर वंदना...'

शेजारी सात-आठ वर्षांचा मुलगा होता. शाळेत मराठी शिकतो म्हणे. त्याने टाळ्या थांबवल्या, हातातली आरतीची छोटी पुस्तिका माझ्यासमोर धरली आणि 'फणिवर बंधना' वर बोट ठेवलं. बोलला काहीच नाही. आरती संपेपर्यंत ते बोट तसंच ओळीओळीने पुढे सरकत राहिलं, मी वाचत गेलो.