‘सीमाभिंत’ की ‘गजांचे कुंपण’?

प्रश्न (विटा, जि. सांगली)
अमेरिका-मेक्सिको सीमेवरील निषेधकलेविषयी मी शाळेच्या भित्तिफलकासाठी मजकूर लिहीत आहे. रोनाल्ड राएल आणि व्हर्जिनिया सान फ्रातेल्लो या दोघा प्राध्यापकांनी जुलै २०१९ मध्ये न्यू मेक्सिकोतील सनलँड पार्क येथे ‘सीमाभिंती’त तीन गुलाबी सी-सॉ बसवले आणि दोन्ही देशांतली मुले त्यांवर एकाच वेळी खेळली, असे मी लिहिले होते. ते वाचून सातवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, भिंतीतून दांडा आरपार गेला कसा?” ‘भिंत’ हा शब्द येथे चुकला आहे काय?

उत्तर (सातारा)
त्या मुलीची शंका रास्त आहे. सनलँड पार्क येथे उभे आहेत ते पोलादी खांब, आणि सी-सॉचा दांडा त्यांच्यामधल्या फटीतून पलीकडे गेला होता. मराठीत भिंत म्हटली की दगड, विटा, माती डोळ्यांपुढे येतात, आणि फट असेल तर ती भिंतीतली खोट ठरते. येथे मात्र त्या फटीवरच सारी कलाकृती बेतलेली असल्यामुळे ‘गजांचे उंच कुंपण’ असे लिहावे. आना तेरेसा फर्नांडेझ या चित्रकर्तीने २०११ मध्ये याच सीमेवरील मेक्सिकोच्या तिहुआना शहरात अशाच गजांना आकाशाचा निळा रंग दिला, तेव्हा तेवढ्या भागात अडसर नाहीसा झाल्याचा भास झाला. याउलट पॅलेस्टाइनमधील बेथलेहेम येथे इस्रायलने उभारलेल्या अडसराच्या काँक्रीटच्या सलग पृष्ठभागावर बँक्सी या ब्रिटिश भित्तिचित्रकाराची चित्रे आहेत. तेथे ‘भिंत’ हाच शब्द नेमका आहे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. तथापि ‘कुंपण’ म्हटले की आमच्याकडच्या मुलांना द्राक्षबागेची तार आठवते आणि त्या पोलादाची जरब जाणवत नाही. तटाचा अर्थ देणारा ‘गावकूस’ हा शब्द चालेल का? ‘गावकुसाबाहेर’ म्हणताच कोणाला बाहेर ठेवले, हेही आपोआप सांगितले जाते.

उत्तर (सातारा)
शब्द वजनदार आहे, पण मी तो येथे वापरणार नाही. गावकुसाबाहेर ज्यांना राहावे लागले ती माणसे त्याच गावची होती, गावाची कामे त्यांच्याच माथी होती आणि त्यांना बाहेर ठेवणारी गोष्ट जात होती. तो शब्द दुसऱ्या देशाच्या हद्दीला लावला तर त्यामागचा इतिहास पातळ होतो. मेक्सिकोतून आलेले मजूर अमेरिकेच्या शेतांत राबतात, एवढे साम्य मला दिसते, मात्र तेवढ्यावर शब्द उचलू नये. (‘सीमा’ म्हणताच आपल्या भागातील वाचकाला आधी बेळगाव आठवते, म्हणून ‘अमेरिका-मेक्सिको’ हे शब्द गाळू नयेत.)

उत्तर (मिरज)
माझी सूचना भिंतीविषयी नसून माणसांविषयी आहे. फलकावर ‘घुसखोर’ लिहू नये, कारण तो शब्द माणूस समोर येण्याआधीच निवाडा देतो. छळ किंवा युद्ध यांमुळे देश सोडावा लागला तर ‘निर्वासित’, आणि पोटासाठी जागा बदलली तर ‘स्थलांतरित’, असा भेद पाळावा. कोयनेच्या धरणग्रस्तांना मात्र यांपैकी काहीच न म्हणता आपण ‘विस्थापित’ म्हणतो, कारण त्यांना आपल्याच राज्यात घर सोडावे लागले. विट्याच्या मुलांना ‘स्थलांतरित’ समजावून सांगणे अवघड जाऊ नये. गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी दूरच्या शहरांत गेलेला काका किंवा मामा त्या भागातल्या कितीतरी घरांत असतो.

प्रश्नकर्ता
मजकूर असा बदलला आहे: ‘गजांच्या उंच कुंपणातील फटींतून दांडे आरपार घालून बसवलेले तीन गुलाबी सी-सॉ. एका टोकाला अमेरिकेतली मुले, दुसऱ्या टोकाला मेक्सिकोतली.’ जेआर या फ्रेंच कलावंताने २०१७ मध्ये तेकाते येथे कुंपणावरून डोकावणाऱ्या बाळाचे प्रचंड छायाचित्र उभारले होते. त्याखाली मी ‘कुंपणावरील चित्र’ असे लिहिले होते, तेही खोडले आहे. ते चित्र मेक्सिकोच्या हद्दीत परांचीवर उभे होते, त्यामुळे आता ‘कुंपणापलीकडचे चित्र’ असे लिहिले आहे.