भाच्याला रग्बी लीगमध्ये करिअर करायचंय, सोलापुरातून वाट आहे का?

यंत्रमाग_मामा:
नमस्कार मंडळी. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. प्रश्न माझ्या भाच्याचा आहे. वय १७, अकरावीत, उंची पाच फूट चार इंच. मंडळाकडून कबड्डी खेळतो, लेफ्ट कॉर्नर. त्याच्या हाताला रेडरचा घोटा लागला की सुटत नाही. मागच्या वर्षी कॉलेजच्या सरांनी त्याला रग्बी सेव्हन्सच्या, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीच्या, निवड चाचणीला नेलं आणि तेव्हापासून त्याचं कबड्डीत लक्ष नाही. रात्री मोबाईलवर मॅच बघायलंय पोरगं. तेही सेव्हन्स नाही, इंग्लंडमधलं तेरा-तेरा जणांचं रग्बी लीग. "मामा, मला हेच करायचंय" म्हणतो.

ताई विड्या वळते, भावजी रिक्षा चालवतात. ताई मला एवढंच विचारते, यात पोट भरतं का, आणि हाडबिड मोडलं तर बघणार कोण? मला यातलं काही ठाऊक नाही. पोराला तोडूनही बोलायचं नाही, कारण आजवर त्यानं हट्ट असा धरलेलाच नाही. कुणाला आतली माहिती असेल तर सविस्तर सांगा.

भीमाकाठ:
मामा, कॉर्नर चांगला असेल तर कबड्डी सोडू देऊ नका. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून चांगल्या डिफेंडरला मागणी आहे, पोलीस आणि रेल्वेचे संघही आहेत. हातातलं सोडून पळत्याच्या मागं कशाला?

लीड्सची_सोलापूरकरीण:
मामा, मी मूळची सोलापूरचीच. इंग्लंडातल्या लीड्समध्ये नर्स आहे. हेडिंग्ले स्टेडियम माझ्या रोजच्या बसच्या वाटेवर लागतं. आपल्याकडं हेडिंग्ले म्हटलं की १९८६ ची कसोटी आणि वेंगसरकरांचे नाबाद १०२ आठवतात. त्या क्रिकेटच्या मैदानाला पाठ लावूनच रग्बी लीगचं मैदान आहे, मधला स्टँड दोघांत मिळून. तिथं इथला क्लब, लीड्स ऱ्हायनोज, खेळतो.

आधी उंचीचं बोलते, कारण या खेळाची पहिली भीती तीच घालतात. रॉब बरो हे नाव भाच्याला नक्की माहीत असणार. उंची पाच फूट पाच इंच. २००१ मध्ये लीड्सच्या मुख्य संघात आला आणि २०१७ ला थांबला, सगळी कारकीर्द एकाच क्लबकडं. सुपर लीग ही इथली रग्बी लीगची सगळ्यात वरची श्रेणी, तिच्या आठ ग्रँड फायनल, म्हणजे अंतिम सामने, जिंकल्या. २०११ च्या फायनलमध्ये तो राखीव खेळाडू म्हणून मैदानात उतरला, सेंट हेलेन्सच्या बचावफळीतून वाट काढत एकट्यानं ट्राय केला, म्हणजे चेंडू त्यांच्या रेषेपलीकडं नेऊन टेकवला, आणि सामनावीर झाला. शंभर-शंभर किलोच्या गड्यांमधून तो ज्या तऱ्हेनं निसटायचा ते बघितलं की उंचीचा प्रश्न विचारावासा वाटत नाही.

आता ताईंचा प्रश्न. पोट भरतं का? तुम्हाला सांगते, हा खेळ जन्मालाच या प्रश्नातून आला. माझे आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते, म्हणून हा इतिहास मला फार जवळचा वाटतो. उत्तर इंग्लंडातले गिरणीकामगार आणि खाणकामगार शनिवारी रग्बी खेळायचे. खेळायला गेलं की तेवढ्या वेळाची मजुरी कापली जायची. क्लब म्हणाले, बुडालेली मजुरी आम्ही भरून देतो. वरच्या संघटनेतल्या खात्यापित्या घरच्या मंडळींना ते पटेना, पैसा घेतला की खेळ बाटतो म्हणाले. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफिल्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि वेगळे झाले. खाडा भरून द्यायचा दर ठरला दिवसाला सहा शिलिंग. पुढं १९०६ मध्ये पंधराचे तेरा खेळाडू केले, खेळ वेगवान झाला. जुन्या पंधरा जणांच्या खेळानं, म्हणजे रग्बी युनियननं, उघडपणे पैसे द्यायला १९९५ साल उजाडलं. पूर्ण शंभर वर्षं! जुन्या मिलच्या भोंग्यावर ज्यांची घरं चालली, त्यांना यातलं दुःख वेगळं समजावून सांगायला नको.

पण म्हणून इथं सगळे श्रीमंत होतात असं समजू नका. पूर्ण वेळ पगार मिळतो तो मुख्यतः सुपर लीगमध्ये. त्याच्या खालच्या श्रेणीत कितीतरी खेळाडू दिवसा नोकरी करतात, संध्याकाळी सराव आणि शनिवार-रविवारी सामना. कुणी वायरमन, कुणी शाळेत शिक्षक. क्लब पंधराच्या आसपासच पोरं हेरतात, मग अकॅडमी, आणि अठरा-एकोणीसला बहुतेकांना नारळ देतात. जे टिकतात त्यांचा करारही दोन-तीन वर्षांचा. तिशी ओलांडली की गुडघे आणि खांदे बोलायला लागतात.

आणि डोकं. हे मी नर्स म्हणून सांगते, ताईंपासून लपवू नका. ग्रेट ब्रिटनकडून खेळलेल्या बॉबी गोल्डिंगला पन्नाशीच्या आत स्मृतिभ्रंशाचं निदान झालं, आणि माजी खेळाडूंनी मिळून इथल्या संघटनेवर कायदेशीर कारवाई सुरू केली. ऑस्ट्रेलियाच्या एनआरएलमध्ये, म्हणजे तिथल्या रग्बी लीगच्या मुख्य स्पर्धेत, २०२३ पासून डोक्याला मार बसून मेंदूला हादरा बसला, तर साधारणपणे किमान ११ दिवस खेळू देत नाहीत. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. भाचा कुठंही खेळो, मार लागल्यावर "काही नाही, चल उठ" म्हणणारा प्रशिक्षक असेल तर तिथून त्याला घेऊन या.

बरोबद्दल अजून एक. डिसेंबर २०१९ मध्ये त्याला मोटर न्यूरॉन आजार झाल्याचं कळलं. हळूहळू हातपाय गेले, वाचा गेली. त्याचा जुना कर्णधार केव्हिन सिनफिल्ड यानं डिसेंबर २०२० मध्ये सात दिवसांत सात मॅरेथॉन पळून या आजारासाठी पैसे उभे केले. सात, कारण बरोच्या जर्सीचा नंबर सात. मे २०२३ च्या लीड्स मॅरेथॉनमध्ये सिनफिल्ड त्याची व्हीलचेअर ढकलत पळाला आणि शेवटच्या रेषेपाशी त्याला दोन्ही हातांवर उचलून पलीकडं नेलं. बरो २ जून २०२४ ला गेला. दुसऱ्याच दिवशी लीड्सच्या सीक्रॉफ्ट हॉस्पिटलात त्याच्या नावाच्या उपचार केंद्राचं काम सुरू झालं. मोडल्यावर बघणार कोण, असं ताई विचारतात ना? बरोला त्याच्या घरच्यांनी, सोबत्यांनी आणि या शहरानं बघितलं. पण तो बरो होता. ज्याला एकोणिसाव्या वर्षी नारळ मिळाला त्याच्यासाठी कुणी मॅरेथॉन पळत नाही, म्हणून विमा आणि शिक्षण दोन्ही हवंच.

सोलापुरातून थेट इथं यायची वाट मला दिसत नाही. परदेशी खेळाडूंना जागा मोजक्या, आणि व्हिसासाठी आधी वरच्या पातळीवर खेळलेलं दाखवावं लागतं. इथली पोरं पाच-सहा वर्षांपासून हा चेंडू हातात घेऊन वाढतात. भाच्याला हे स्पष्ट सांगा, पण रग्बी सोड असं सांगू नका.

क्रीडाशिक्षक_बार्शी:
लीड्सच्या ताईंनी बरोबर सांगितलं. मामा, आपल्याकडची वाट सेव्हन्सची. २०१६ पासून तो ऑलिंपिकमध्ये आहे, त्यामुळं राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा त्याच्याच होतात. जून २०२५ मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला, सहा संघ, परदेशी खेळाडूंबरोबर आपली पोरं खेळली. भारताच्या महिला संघाची कर्णधार राहिलेली वाहबिझ भरुचा पुण्याची. म्हणजे हे सगळं हुतात्मा एक्स्प्रेसच्या टप्प्यात आलंय.

कबड्डीवाल्या पोराचं मला विशेष कौतुक वाटतं, कारण खाली वाकून अंगावर जायची भीती त्याची मोडलेली असते. पण सवय एक बदलावी लागते. कॉर्नर नुसत्या हातानं घोटा धरतो. रग्बीत खांदा मांडीला लावून, दोन्ही हातांचा विळखा घालायचा आणि डोकं समोरच्याच्या मागच्या बाजूला ठेवायचं. डोकं पुढं राहिलं तर गुडघा थेट कपाळावर बसतो. हे कुणी नीट शिकवेपर्यंत त्याला पूर्ण जोराचे टॅकल करू देऊ नका.

आणि भीमाकाठ, दोन्ही खेळ सोबत चालू द्यात की. सतराव्या वर्षी एकावर शिक्का मारायची गरज नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. कोणत्या स्पर्धेचं प्रमाणपत्र त्यात धरतात ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा, आणि प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवा. बारावी मात्र सुटता कामा नये.

पोराचं वजन किती आहे?

यंत्रमाग_मामा:
सर, ५८ किलो. ताई, तुमचं सगळं लिखाण आमच्या ताईला वाचून दाखवलं. गिरणीवाल्यांचं ऐकून तिनं सुपडं बाजूला ठेवलं आणि परत वाच म्हणाली. भाच्याला मॅरेथॉनचं आधीच माहीत होतं. नारळ देतात हे माहीत नव्हतं, त्यावर गप्प झाला, पण जेवला नीट.

ठरलं असं, की कबड्डी चालू ठेवायची, सेव्हन्सच्या चाचणीला बसायचं आणि बारावीच्या वर्षात सामने कमी. सर, टॅकल शिकवणारं सोलापुरात कुणी आहे का? पार्क स्टेडियमकडं सकाळी कुणाला भेटू?

क्रीडाशिक्षक_बार्शी:
५८ असेल तर सेव्हन्सला आतापुरतं ठीक आहे, मांड्या आणि मान मजबूत करायला लावा. माणसाचं नाव इथं उघड लिहीत नाही, तुम्हाला खासगी निरोप पाठवतो. भेटायला जाताना दातांचं कवच घेऊनच जा, ते नसेल तर ते मैदानात पाय ठेवू देत नाहीत.